सोळा पेन्स कीं अठरा पेन्स?

१९२६ सालच्या पावसाळ्यांत मुंबईच्या कोटांतील पेढ्यांवर, गिरण्यांच्या कचेऱ्यांत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत एकाच प्रश्नाचा खल चालला होता. रुपया सोळा पेन्सांचा असावा कीं अठरा पेन्सांचा? पेन्स म्हणजे विलायतेंतील एक हलकें नाणें. बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. अशा दोन नाण्यांच्या फरकासाठीं प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनीं संघ स्थापावेत, कायदेमंडळांत जोराजोराचीं भाषणें व्हावींत आणि सरकारनें आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावावी, हें त्या वेळच्या पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांनाही कोडें वाटे. घरांत पेन्स कोणीं पाहिलेला नसे. मग त्याची चिंता कां वाहावी? परंतु ज्या घरांत पेन्स कधीं शिरला नव्हता त्या घरांतील मजुरी, कर्जाचें व्याज, शेतसारा आणि बायकांच्या अंगावरचें सोनें ह्या सर्वांना त्या दोन पेन्सांची झळ लागली. सरकारपुढें निवड करण्याचा प्रसंग येतो तो पुष्कळदां अशा साध्या आंकड्याच्या रूपानें येतो. त्या आंकड्यामागें कोणाकोणाचा संसार उभा आहे, हें मागाहून कळतें.

प्रथम हिशेब पाहावा. रुपया सोळा पेन्सांचा धरला तर एका पौंडाला पंधरा रुपये पडतात; अठरा पेन्सांचा धरला तर तेरा रुपये पांच आणे चार पै. वऱ्हाडांतील किंवा खानदेशांतील कापूस विलायतेच्या बाजारांत शंभर पौंडांस विकला गेला असें समजावें. पहिल्या दरानें त्याचे इकडे दीड हजार रुपये येतील. दुसऱ्या दरानें तेराशें तेहेतीस रुपये पांच आणे चार पै. कापूस तोच, वजन तेंच, तिकडचा भाव तोच. परंतु इकडे हातांत पडतांना एकशें सहासष्ट रुपये दहा आणे आठ पै कमी. हा तोटा व्यापारी आपल्या अंगावर फार काळ ठेवीत नाहीं. आडत्या, दलाल, जिनवाला अशी एकेक पायरी उतरत तो शेवटीं शेतकऱ्याच्या भावांत मुरतो. आतां तेच शंभर पौंड मँचेस्टरच्या कापडाच्या गांठींवर लावून पाहावेत. तें कापड मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटांत तितक्याच रकमेनें स्वस्त पडेल, आणि परळच्या गिरणीला आपलें धोतर विकावयाचें असेल तर तिलाही भाव उतरवावा लागेल. धोतर स्वस्त झालें तर गिऱ्हाइकाचें काय बिघडलें? कांहींच नाहीं, ज्याचा पगार ठरीव आहे त्याचा तर फायदाच. मात्र ज्याचा शेतसारा व सावकाराचें व्याज रुपयांत ठरून गेलेलें आहे आणि ज्याच्या मालाचा भाव मात्र उतरला आहे, त्याला पूर्वीं दहा मण कापूस विकून जें देणें फेडतां येई त्यासाठीं आतां सव्वा अकरा मण विकावा लागतो. देणें वाढलें नाहीं, असें सरकारी कागद सांगतो. घरांतील कणगी निराळें सांगते.

हा वाद १९२६ सालीं अकस्मात् उपटला असें नव्हे. त्याचें मूळ चांदींत आहे. १८३५ च्या कायद्यानें ठरलेला रुपया एकशें ऐशीं ग्रेन वजनाचा असून त्यांत एकशें पांसष्ट ग्रेन शुद्ध चांदी असे. कोणीही चांदी टांकसाळींत न्यावी आणि तिचे रुपये पाडून आणावेत अशी मोकळीक होती. त्यामुळें रुपयाची किंमत म्हणजे त्यांतील चांदीची किंमत. १८७१ नंतर जर्मनीनें सोन्याचें चलन स्वीकारलें, इतर राष्ट्रें त्याच वाटेनें गेलीं, अमेरिकेंतील खाणींतून चांदीचा पूर लोटला आणि चांदी घसरूं लागली. तिच्याबरोबर रुपयाही घसरला. १८७१-७२ सालीं त्याला सुमारें तेवीस पेन्स मिळत; १८९२-९३ सालीं पंधरा.

ह्या घसरणीचा सर्वांत मोठा चटका बसला तो हिंदुस्थान सरकारला. होम चार्जेस म्हणून जी रक्कम दरवर्षीं विलायतेस जाई—तिकडच्या कर्जाचें व्याज, रेल्वेच्या भांडवलावरील व्याज, सेवानिवृत्त अधिकाऱ्यांचीं पेन्शनें, लष्करी सामान, इंडिया ऑफिसचा खर्च—ती पौंडांत द्यावी लागे आणि वसूल मात्र रुपयांत होई. एक कोट पौंड पाठविण्यास तेवीस पेन्सांच्या दरानें साडेदहा कोट रुपये पुरत. पंधरा पेन्सांच्या दरानें सोळा कोट लागत. कर वाढवावेत तर रयत बिथरते, खर्च कमी करावा तर गोरे अधिकारी रुष्ट होतात. तिसरा मार्ग होता तो सरकारनें पत्करला. जून १८९३ मध्यें टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. रुपयांचा पुरवठा आवळला म्हणजे रुपया आपोआप चढेल असा हिशेब होता, आणि तो खराही ठरला. पांच वर्षांत रुपया सोळा पेन्सांवर येऊन टेकला आणि १८९९ सालीं पंधरा रुपयांस एक सॉव्हरिन हा दर कायद्यानें पक्का झाला.

ह्या यशाची एक बाजू मात्र अहवालांत फारशी रेंगाळत नाहीं. खेड्यांतील बाईच्या पायांतले तोडे, हातांतले वाळे, कमरेचा पट्टा ही त्या काळीं कुटुंबाची बँक होती. १८९३ पूर्वीं तो दागिना मोडला तर चांदीच्या वजनाइतके रुपये मिळण्याची वाट खुली होती. टांकसाळ बंद होतांच रुपया वर गेला आणि चांदी खालींच राहिली. तोड्यांतील चांदी आणि रुपयांतील चांदी ह्यांची किंमत वेगळी झाली. होम चार्जेसचा भार हलका झाला खरा, परंतु त्याचा कांहीं भाग त्या तोड्यांतून वसूल झाला, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकांत जमेस धरलेला नाहीं.

पहिल्या महायुद्धानें सर्व गणित उलटें केलें. हिंदी मालाला मागणी वाढली, चांदी महाग झाली. चांदीचा भाव औंसाला त्रेचाळीस पेन्सांच्या वर गेला कीं रुपयांतील चांदीच सोळा पेन्सांहून अधिक किंमतीची होते. म्हणजे रुपया खर्च करण्यापेक्षां आटविणें फायद्याचें. १९१७ सालीं एक रुपयाची नोट काढावी लागली. १९१८ सालीं अमेरिकेनें खास कायदा करून आपल्या खजिन्यांतील वीस कोट औंस चांदी हिंदुस्थानला विकली, तेव्हां नोटांबद्दल नाणें देण्याची सरकारची अब्रू राहिली. फेब्रुवारी १९२० मध्यें चांदी औंसाला जवळजवळ नव्वद पेन्सांपर्यंत पोंचली.

ह्याच सुमारास बॅबिंग्टन स्मिथ समितीनें शिफारस केली कीं, रुपया सोन्याच्या दोन शिलिंगांचा, म्हणजे चोवीस पेन्सांचा करावा. समितींत हिंदी सभासद एकच होते, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल. त्यांनीं भिन्न मतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचाच दर राखावा असें बजाविलें. चांदीची तेजी युद्धामुळें आलेली आहे, ती ओसरेल; तिच्या शिखरावर उभें राहून कायमचा दर ठरवूं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें. बहुमतानें तें बाजूला सारलें. पुढें जें झालें तें हिंदी अर्थकारणांतील सर्वांत महाग पडलेल्या चुकांपैकीं एक होय. दोन शिलिंगांचा दर टिकविण्यासाठीं सरकारनें रिव्हर्स कौन्सिल्स नांवाच्या उलट हुंड्या विकण्यास आरंभ केला. म्हणजे इकडे रुपये घ्यावयाचे आणि लंडनमध्यें पौंड द्यावयाचे. हे पौंड पूर्वीं पंधरा रुपयांच्या भावानें सांठविलेले होते. ते आतां सात रुपयांपासून दहा रुपयांपर्यंतच्या भावानें विकले गेले. ज्याला विलायतेस पैसे न्यावयाचे होते त्याच्यासाठीं ही पर्वणीच होती, आणि हुंड्यांसाठीं झुंबड उडाली. सप्टेंबर १९२० अखेर विक्री थांबविली तोंपर्यंत साडेपांच कोट पौंडांहून अधिक रक्कम निघून गेली होती. पंधरांस घेऊन दहांस विकण्याच्या ह्या व्यापारांत किती कोट रुपये बुडाले हा हिशेब शाळेंतील मुलालाही मांडतां येईल. रुपया तर दोन शिलिंगांवर टिकला नाहींच. १९२१ सालीं तो सोळा पेन्सांच्याही खालीं गेला. ज्या व्यापाऱ्यांनीं सरकारच्या शब्दावर विसंबून दोन शिलिंगांच्या हिशेबानें विलायती माल मागविला होता त्यांच्यावर दिवाळ्याची पाळी आली, आणि ठिकठिकाणच्या कापडव्यापाऱ्यांनीं त्या दराखेरीज हुंड्या पटविण्याचें नाकारलें. दोन शिलिंगांचा कायदा मात्र १९२७ पर्यंत पुस्तकांत तसाच होता. बाजारांत नसलेला दर कायद्यांत सात वर्षें जिवंत राहिला.

१९२४ सालच्या शेवटास रुपया चढत चढत अठरा पेन्सांवर आला. एप्रिल १९२५ मध्यें इंग्लंडनें पौंड पुन्हां जुन्या दरानें सोन्याशीं बांधला. चर्चिल हे त्या वेळीं तिकडील अर्थमंत्री होते, आणि ह्या निर्णयानें कोळशाच्या खाणींतील मजुरी खालीं ओढली जाईल असा इशारा केन्स ह्या अर्थशास्त्रज्ञानें दिला होता. पुढच्याच वर्षीं तिकडे खाणकामगारांना टाळें लागलें आणि देशव्यापी संप झाला. मुंबईला हा धडा त्याआधींच मिळाला होता. कापडाचे भाव उतरलेले, जपानी मालाची चढाओढ. अशा स्थितींत १९२५ सालीं गिरणीमालकांनीं मजुरींत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारें दीड लाख कामगार सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले. सरकारनें देशी कापडावरील साडेतीन टक्क्यांची जकात तहकूब केली तेव्हां कपात मागें घेतली गेली. गिरण्यांच्या हलाखीला हुंडणावळ एकटीच कारण होती असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. युद्धकाळांत वांटलेले भरमसाट नफे आणि फुगविलेलें भांडवल ह्यांचाही त्यांत वांटा होता. परंतु भाव नव्या दराशीं जुळून येतील, असें जें वाक्य अर्थतज्ज्ञ सहजपणें लिहितात, त्याचा गिरणगांवच्या चाळींतील अर्थ साडेअकरा टक्के कमी पगार असा होतो, हें त्या तीन महिन्यांत स्पष्ट झालें.

ऑगस्ट १९२५ मध्यें हिल्टन यंग ह्यांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. रुपया त्या वेळीं अठरा पेन्सांवर होताच; सरकार त्याला तेथेंच धरून बसलें होतें. कमिशनचा निष्कर्ष असा कीं, देशांतील भाव व मजुरी ह्या दराशीं बऱ्याच अंशीं जुळलेलीं आहेत. आतां तो सोळांवर उतरविला तर महागाई होईल आणि गरिबांना झळ लागेल. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास हे एकटेच ह्या मताशीं असहमत होते. त्यांच्या भिन्न मतपत्रिकेंतील मुख्य मुद्दा असा कीं, भाव जुळले ही समजूतच चुकीची आहे. शेतकऱ्यांचीं कर्जें व सारा हीं सोळा पेन्सांच्या काळांतील आहेत, तीं कोठें जुळलीं? शिवाय चलन आवळून आधीं रुपया चढवावयाचा, आणि मग कमिशन नेमून चढलेल्या रुपयालाच स्वाभाविक दर म्हणावयाचें, हा न्याय कोठला? ह्या आक्षेपाला सरकारपाशीं समाधानकारक उत्तर होतें असें दिसत नाहीं. सरकारच्या होम चार्जेसचा आंकडा ह्या वेळीं तीन कोट पौंडांच्या आसपास होता. त्यावर दोन पेन्सांमुळें वर्षाला पांच कोट रुपयांची बचत होत होती. न्यायाधीशच पक्षकार असला म्हणजे निवाडा कितीही विद्वत्तापूर्ण असो, त्यावर विश्वास बसत नाहीं.

परंतु दुसऱ्या बाजूचीही तपासणी केली पाहिजे, आणि ती करणारा पुरुष मुंबईंतच होता. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ सालीं लंडनांत प्रसिद्ध झाला होता आणि कमिशनपुढें त्यांनीं साक्षही दिली. रुपया उतरला म्हणजे देशाचा फायदा होतो ह्या लोकप्रिय समजुतीचें त्यांनीं अगदीं मुळापासून खंडन केलें. निर्यात करणाऱ्याला किंवा कारखानदाराला जो जास्त नफा होतो तो परदेशांतून येत नाहीं. भाव लवकर वाढतात व मजुरी मागें राहते म्हणून तो होतो, अर्थात् तो देशांतीलच एका वर्गाच्या खिशांतून दुसऱ्या वर्गाच्या खिशांत जातो, हें त्यांच्या विवेचनाचें सार. राष्ट्रीय भावनेच्या त्या लाटेंत हें ऐकण्यास कोणी फारसें राजी नव्हतें. मुंबईंत स्थापन झालेल्या करन्सी लीगच्या सभांतून शेतकऱ्याचें नांव वारंवार घेतलें जाई. सरकारही आपल्या समर्थनार्थ गरीब ग्राहकाचेंच नांव घेई. दोन्ही पक्ष गरिबाच्या वतीनें बोलत होते आणि गरीब कोणत्याही बाजूला बसलेला नव्हता. ह्यांत शेतकरी आणि शेतमजूर हे एकाच झोपडींत राहणारे दोन निराळे हितसंबंध आहेत, हेंही विसरलें जात होतें. ज्याच्यापाशीं विकण्यास कापूस आहे त्याला सोळा पेन्स हवेत. ज्याला पैशांत मजुरी घेऊन बाजारांतून जोंधळा आणावयाचा आहे त्याला अठरा पेन्स बरे.

मार्च १९२७ मध्यें अर्थमंत्री सर बेझिल ब्लॅकेट ह्यांनीं मांडलेलें बिल मध्यवर्ति कायदेमंडळांत अगदीं थोड्या मतांनीं संमत झालें. अठरा पेन्सांचा रुपया कायदेशीर झाला. सोन्याचा भाव तोळ्यास एकवीस रुपये तीन आणे दहा पै असा बांधला गेला.

चांगले दिवस असते तर हा दर कदाचित् पचूनही गेला असता. परंतु १९२९ सालीं जगावर मंदी कोसळली. १९१४ सालचे भाव शंभर धरले तर कलकत्त्याच्या घाऊक भावांचा आंकडा १९२९ सालीं १४१ होता. १९३३ सालीं तो ८७ वर आला. शेतमालाचे भाव त्याहूनही अधिक उतरले. अशा वेळीं चलन सैल सोडणें हा एक मार्ग होता. पण मग अठरा पेन्स टिकत नव्हते. सरकारनें अठरा पेन्स टिकविले. सप्टेंबर १९३१ मध्यें तर विलक्षण प्रसंग आला. ता. २१ रोजीं इंग्लंडनेंच सोन्याशीं असलेला पौंडाचा संबंध तोडला. आतां तरी रुपयाला स्वतःची पातळी शोधूं द्यावी अशी इकडे अपेक्षा होती. परंतु तीन दिवसांतच दुसरा वटहुकूम निघून रुपया पौंडाशीं, त्याच अठरा पेन्सांनीं, जखडला गेला.

ह्याचा एक परिणाम घरोघर दिसला. पौंड सोन्याच्या मानानें उतरला, त्याच्या पाठोपाठ रुपयाही उतरला, आणि सोनें तोळ्यास एकवीस रुपयांवरून तीस रुपयांच्या वर गेलें. एकीकडे सोन्याला कधीं न मिळालेला भाव, दुसरीकडे धान्याला व कापसाला भावच नाहीं, सारा मात्र भरावयाचा. तेव्हां गांवोगांवच्या सराफांच्या दुकानांत पाटल्या, ठुशा आणि पुतळ्यांच्या माळा येऊं लागल्या. तेथून त्या मुंबईस आटून लगडी झाल्या आणि बोटीवर चढून लंडनला गेल्या. पुढील पांच वर्षांत अडीचशें कोट रुपयांहून अधिक किंमतीचें सोनें देशाबाहेर गेलें. सरकार म्हणे, लोक चढत्या भावाचा फायदा घेत आहेत. लोक म्हणत, हें अडचणीचें सोनें आहे. सधन सावकारानें फायद्यासाठीं विकलें असेलही. परंतु सुनेच्या अंगावरील पाटली सारा भरण्यासाठीं उतरविणाऱ्या घरानें नफा केला असें म्हणणें म्हणजे भाषेवर अत्याचार करणें होय. अठरा पेन्सांचा दर त्या सोन्याच्या ओघामुळेंच तगला, हें मात्र दोन्ही पक्षांना मान्य होतें.

१ एप्रिल १९३५ रोजीं रिझर्व्ह बँकेचें काम सुरू झालें. चलनाची सूत्रें सरकारच्या हातून काढून एका स्वतंत्र संस्थेकडे द्यावींत, ही कल्पना चांगली होती. परंतु बँकेच्या कायद्यांतच अठरा पेन्सांचा दर घातलेला होता. घर नवें, पण खुंटा जुनाच. पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ ह्यांना तो दर पसंत नव्हता. अर्थमंत्री सर जेम्स ग्रिग ह्यांच्याशीं त्यांचे ह्या व इतर बाबतींत खटके उडाले आणि १९३७ सालीं मुदत संपण्यापूर्वींच ते पायउतार झाले. संस्थेला स्वातंत्र्य दिलें आहे कीं नाहीं हें तिच्या पाटीवरून ठरत नाहीं. मतभेदाच्या दिवशीं कोण खुर्ची सोडतो त्यावरून ठरतें. १९३८ सालीं काँग्रेस कार्यकारिणीनेंही दर उतरविण्याची मागणी केली, ती सरकारनें फेटाळली. मग दुसरें महायुद्ध आलें आणि हा प्रश्न त्याच्या धुरांत दिसेनासा झाला.

स्वराज्य आलें तेव्हां हा जुना सल सरकार पहिल्या झटक्यांत काढून टाकील असें कोणालाही वाटलें असतें. घडलें तें नेमकें उलट. सप्टेंबर १९४९ मध्यें इंग्लंडनें डॉलरच्या मानानें पौंड उतरविला; हिंदुस्थाननेंही रुपया तितकाच उतरविला, त्यामुळें पौंडाशीं असलेला दर होता तोच राहिला, एक शिलिंग सहा पेन्स. पाकिस्ताननें आपला रुपया उतरविला नाहीं, आणि तागाचा व्यापार अडला, ही निराळी कथा. पण मुख्य गोष्ट ही कीं, ज्या अठरा पेन्सांविरुद्ध एका पिढीनें भाषणें केलीं ते अठरा पेन्स स्वतंत्र सरकारनें ६ जून १९६६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षें, जपले. ह्या काळांतील अर्थमंत्र्यांत चिंतामणराव देशमुखांसारखा, पूर्वीं रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर असलेला जाणता पुरुष होता. तेव्हां हें अज्ञानानें झालें असें म्हणतां येत नाहीं.

कारण असें कीं, सरकारची बसण्याची बाजू बदलली होती. पूर्वीं होम चार्जेस भरावयाचे म्हणून महाग रुपया हवा होता. आतां पोलादाच्या कारखान्यांचीं यंत्रें आणावयाचीं, धरणांचें सामान आणावयाचें आणि अमेरिकेचा गहू आणावयाचा म्हणून महाग रुपया सोयीचा झाला. परदेशांत द्यावयाचा प्रत्येक पौंड तेरा रुपये पांच आण्यांस मिळत होता. हेतु निराळा, प्रजेच्या हिताचा; परंतु हिशेब तोच, आणि त्यांतील देणेकरीही पुष्कळसे तेच. बाहेर माल विकणाऱ्याला कमी रुपये मिळत; आणि स्वस्त पौंडासाठीं मागणी फार, पुरवठा थोडा, म्हणून त्यांची वांटणी परवान्यांनीं होई. जेथें किंमत वांटणी करीत नाहीं तेथें सचिवालयाचा जिना ती करतो. ज्याला परवाना मिळाला त्यानें तेराचा पौंड आपल्या मालांत वीसच्या भावानें वसूल केला, तरी त्याला कोणी विचारणारें नव्हतें.

१९६५ सालीं पाऊस फसला, युद्ध झालें, परकी मदत थांबली. मदत पुन्हां सुरू होण्यास अवमूल्यन करा असा जागतिक बँकेचा व नाणेनिधीचा आग्रह होता. इंदिरा गांधींचें सरकार नवें होतें. अर्थमंत्री होते सचिंद्र चौधरी. एका रात्रींत डॉलर चार रुपये शहात्तर पैशांवरून साडेसात रुपयांवर आणि पौंड एकवीस रुपयांवर गेला. सर्व पक्षांनीं, सत्ताधारी पक्षांतील मोठ्या गटानेंही, हें राष्ट्राच्या अपमानाचें पाऊल म्हणून निषेधिलें. १९२६ सालीं रुपया उतरविणें हें देशभक्तीचें लक्षण होतें. चाळीस वर्षांनीं तें देशाच्या मानहानीचें लक्षण ठरलें. त्या वर्षींही पाऊस फसला, भाव चढले, आणि दोष सगळा अवमूल्यनाच्या माथीं बसला. पुढें पंचवीस वर्षें कोणत्याही सरकारनें हा शब्द उघडपणें उच्चारण्याचें धाडस केलें नाहीं. रुपया हळूहळू सरकूं द्यावा, पण बोलूं नये, अशी रीत पडली.

ती रीत १९९१ सालीं मोडली. परकी चलनाची शिल्लक जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. आधीं स्टेट बँकेमार्फत वीस टन सोनें परत घेण्याच्या करारानें विकलें गेलें. जुलैमध्यें रिझर्व्ह बँकेनें सुमारें सत्तेचाळीस टन सोनें बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवून कर्ज उचललें. ह्या वेळीं सोनें घरांतील पाटल्यांचें नव्हतें, बँकेच्या तिजोरींतील होतें. तरी तें लंडनलाच गेलें, हें पाहून म्हाताऱ्या सराफांना साठ वर्षांपूर्वींच्या लगडींची आठवण झाल्यावांचून राहिली नसेल. १ आणि ३ जुलै रोजीं रुपया दोनदां उतरविण्यांत आला, आणि मार्च १९९३ पासून सरकारी दर ठरविण्याची पद्धतिच गेली. तेव्हांपासून दर बाजारांत ठरतो. रिझर्व्ह बँक डॉलर विकून किंवा घेऊन त्याच्या उड्या आवरते. ज्या शिलिंग-पेन्सांत हा सारा वाद झाला तीं नाणीं तर इंग्लंडनेंही १९७१ सालीं मोडीत काढलीं.

दर आतां कायद्यांत नाहीं, म्हणून तो कोणी निवडीत नाहीं असें मात्र नव्हे. कोणत्या दिवशीं डॉलर विकावयाचे आणि कोणत्या दिवशीं स्वस्थ बसावयाचें, हें मुंबईंत मिंट रोडवरील इमारतींत ठरतें. टांकसाळ तेथून हांकेच्या अंतरावर आहे. रुपया पैशा-दोन पैशांनीं उतरला कीं नाशिकचा द्राक्षबागाईतदार, ज्याचीं द्राक्षें युरोपला जातात, आपल्या पट्टींत किती वाढ होईल तें मोजतो. त्याच गांवांत तेलाचा डबा विकणारा वाणी, ज्याचें पामतेल मलायांतून येतें, पाटीवरचा भाव पुसून नवा लिहितो.